मित्राला मागे बसवून निघताना

मोटरसायकलवरून लांब जायचं ठरलंय? मग तयारी अजिबात करू नका. तयारी करून निघतात ती आगगाडीने जाणारी माणसं. तुम्ही काळं जॅकेट घेतलंत आणि टाकीला रेलून फोटो काढलात, की निम्मा प्रवास झालाच.

चेनकडे बघू नका. दर पाचेकशे किलोमीटरला तिला वंगण लागतं म्हणे. कसले लाड! कुरकुरायला लागली तर हेल्मेटमधल्या गाण्यांचा आवाज वाढवा. टायरची हवा मात्र आवर्जून तपासा, फक्त थंड टायरवर नको. शंभर किलोमीटर पळवून टायर चांगला तापला की तपासा. काटा वर गेलेला दिसेल. तेवढी हवा सोडून द्या. रात्री टायर थंड झाला की अर्धपोटी झोपेल बिचारा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, समजा २४१८. म्हणजे तो २०१८ सालच्या चोविसाव्या आठवड्यात जन्मला. वाचू नका. वय विचारणं शिष्टाचाराला धरून नाही.

आता मित्र. त्याच्याशी आधी खाणाखुणा मुळीच ठरवू नका. इतक्या वर्षांची मैत्री, न बोलता कळतंच की! आमचंच बघा. वाऱ्यात बोललेलं काही ऐकू येत नव्हतं. मित्राने मागून माझ्या खांद्यावर दोनदा थाप मारली. मला वाटलं, वा, चालवणं आवडलेलं दिसतंय. मी वेग वाढवला. त्याने चार थापा मारल्या. इतकं कौतुक आजवर घरच्यांनीही केलं नव्हतं, म्हणून आणखी वाढवला. शेवटी हेल्मेटवर बुक्की बसली तेव्हा थांबलो. मागे पिशवी बांधलेली बंजी दोरी (ताणली जाणारी रबरी दोरी) लोंबत होती, तिचा हूक नंबरप्लेटवर टकटक वाजत होता. पिशवी नव्हती. पिशवीत पंक्चरचं सामान, जादा क्लच केबल आणि दोघांचे रेनकोट. पिशवी सहा किलोमीटर मागे सापडली. पाऊस आम्हाला चौथ्यालाच सापडला.

(दोरी मीच बांधली होती. हे मित्राला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.)

विश्रांतीच्या फंदात पडू नका. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी लागली तर ६६ मीटर झोपेतच पदरात पडतात, तेही फुकट. मागच्याला झोप आली तर त्याचं डोकं तुमच्या हेल्मेटवर आपटतं. ठक्क. त्याने तुम्ही जागे राहता, म्हणजे सोयच आहे.

घरी पोचल्यावर मित्र तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी फोन आला : पुढच्या वेळी गाडी मी चालवणार, तू मागे. मी लगेच हो म्हटलं. सध्या रोज रात्री उशीवर थापांचा सराव चालू आहे.