मार्बरीला विसरू नका

एनबीएतून, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधून, बाहेर पडलेले अमेरिकन खेळाडू परदेशात फक्त पैशासाठी जातात, असं लेखात सरळ ठोकून दिलंय. ते वाचून राहवलं नाही. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका हो.

स्टीफन मार्बरीचंच बघा. ब्रुकलिनमधल्या कोनी आयलंडचा पोरगा, १९९६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, चौथा, दोनदा ऑल-स्टार, म्हणजे निवडक बड्या खेळाडूंच्या सामन्यात. न्यूयॉर्क निक्स या एनबीए संघात प्रशिक्षकांशी पार बिनसलं. २०१० मध्ये तो चीनच्या शान्शी संघाकडे गेला तेव्हा याचं आता संपलं, असंच बहुतेकांनी धरलं होतं. पुढे बीजिंग डक्सकडून २०१२, २०१४ आणि २०१५ अशी तीन विजेतेपदं! त्याआधी या संघाने चिनी लीग एकदाही जिंकली नव्हती. परदेशी खेळाडूंना तिथे जागा मोजक्या असतात, चालला नाही की लगेच दुसरा आणतात. हा तिथे सहा मोसम टिकला. शहराने जिवंतपणी त्याचा पुतळा उभारला, पुढे कायमच्या वास्तव्याचा परवानाही मिळाला.

मला तर त्याचे बीजिंगच्या मेट्रोतले फोटो फार आवडतात. गर्दीत, चार लोकांसारखा. आणि सामान्य माणसांशी ही जवळीक काही चीनला जाऊन सुचलेली नव्हे. २००६ मध्ये, ऐन एनबीएत असताना, गरीब घरच्या मुलांना परवडावेत म्हणून त्याने स्वतःच्या नावाचे बूट १४.९८ डॉलरला विकायला आणले होते आणि सामन्यात स्वतःही तेच घालायचा. अशा माणसाला फक्त पैशासाठी गेला म्हणायचं? लेखकाने त्याच्याबद्दल दोन ओळी तरी लिहायला हव्या होत्या.