मोदक शिळे नव्हते, ताई

ताई, नमस्कार. तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंत की वेळासला कासवांच्या नावाखाली लूट चालते, पिल्लू एकही दिसलं नाही, आणि ताटाचे ३५० रुपये घेऊन आम्ही शिळे, फुटलेले मोदक वाढले, त्यांना हळदीच्या पानाचा वाससुद्धा नव्हता. जेवण मनासारखं झालं नाही याबद्दल माफी मागतो. खोलीतला पंखा वाजत होता हेही खरं, त्याचं बघतो.

पण शिळे नव्हते हो. सकाळी खोवलेला नारळ, त्याच दिवशी काढलेली उकड. शनिवारी साडेबाराला तुमचा फोन आला, ‘हरिहरेश्वरहून निघालोय, एकपर्यंत पोचतो.’ म्हणून पाऊणला मोदकपात्र चुलीवर चढवलं. बागमांडल्याला फेरीबोटीसाठी शनिवारी गाड्यांची रांग असते, त्यात तुमचा दोष नाही. मात्र ताटावर बसायला तुम्हाला तीन चाळीस झाले.

उकडीचा मोदक तीन तास थांबत नाही. एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, चमचाभर लोणी, मीठ. गरम असतानाच मळून पारी करायची, दहा-बारा मिनिटं वाफ द्यायची आणि लगेच तूप घालून खायचा. गार होत गेला की पारी आवळते, वरून कोरडी पडते आणि कळ्यांपाशी तडकते. पुन्हा वाफवावा तर आतला गूळ पातळ होऊन बुडातून बाहेर येतो. तुमच्या ताटातले दोन फुटले ते असे, कारण तुम्ही गरमच हवेत म्हणालात म्हणून आम्ही पुन्हा वाफवले. तेव्हाच नको म्हणायला हवं होतं, ही आमची चूक. त्याच उकडीच्या निवगऱ्या (मिरची घालून वाफवलेल्या चपट्या वड्या) तुमच्या मुलांनी दोनदा मागून घेतल्या, तेवढं लिहायचं राहिलं.

आणि हळदीचं पान. हळद लावतात पावसाच्या तोंडाला, पानं मोठी होतात श्रावण-भाद्रपदात, म्हणून गणपतीच्या मोदकांना तो वास असतो. थंडीत पाला पिवळा पडून वाळतो आणि कंद काढले जातात. मार्चमध्ये परसात हिरवं पान नसतं, म्हणून आम्ही केळीचं घालतो. बाटलीतला अर्क घालून वास आणता आला असता, पण आमच्या स्वयंपाकघरात तो येत नाही.

पिल्लांबद्दल. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकरी इथे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची घरटी राखतात. कासव महोत्सव २००६ पासूनचा. अंडी किनाऱ्यावरच्या कुंपणात हलवून पुरतात, पिल्लू बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू तापली तर लवकर, गार असली तर उशिरा. त्यामुळे ‘अमुक तारखेला नक्की’ असं कोणीही सांगत नाही, आम्हीही बुकिंगच्या वेळी सांगितलं नव्हतं. आलेली पिल्लं सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सोडतात; मधल्या वेळी वाळू इतकी तापते की पाण्यापर्यंत जाईतो ती भाजून निघतील. शनिवारी संध्याकाळी एकही आलं नाही. रविवारी सकाळी अकरा सोडली. साडेसहाला दार वाजवलं होतं, आतून ‘नंतर जाऊ’ असं उत्तर आलं. नंतर म्हणजे कधी? मुलांसाठी दोन पिल्लं दुपारपर्यंत टोपलीत ठेवा, असं तुम्ही तिथल्या कासवमित्रांना म्हणालात, तेही आम्हाला कळलं. हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ताई. टोपलीत थांबवलं तर समुद्रात पोहायला लागणारं बळ तिथेच हातपाय मारण्यात संपतं.

३५० रुपयांत दोन भाज्या, आमटी, भात, घावन, सोलकढी आणि दोन मोदक होते. वरच्या चार मोदकांचे १६० रुपये परत पाठवतो, त्यावर वाद नको. यापुढे जेवणाची वेळ फोनवर पक्की करून घेऊ, सकाळच्या वेळेची पाटीही लावायचा विचार आहे, बाकी जमेल तसं सुधारू.

आमचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल एवढाच, आणि येणारा माणूस आधी हेच वाचतो. दोन तारे राहू देत. ‘शिळे’ हा शब्द तेवढा काढता आला तर बघा.