कैची मार!

कपडे दोनच प्रकारचे असतात, धुतलेले आणि मळलेले, असं कपाटं बनवणाऱ्या तमाम सुतारांचं मत दिसतं. तिसरा प्रकार त्यांच्या गावीच नसतो. एकदा घातलेले, पण धुवायला टाकण्याइतके न मळलेले! आमच्या घरात सगळ्यात मोठा भरणा यांचाच. कपाटात ठेवले तर बायको नाक मुरडते, बादलीत टाकले तर आई. म्हणून मी जाहीर केलं, की यांच्यासाठी एक साधा रॅक करतो. प्लंबिंगच्या पाइपचा. पाच फूट उंच, चार फूट रुंद.

"साधा म्हणजे तू करणार असा, की आपण विकत आणतो तसा?" बायकोने विचारलं. मी उत्तर दिलं नाही. कारागिराने बोलू नये.

पुण्यात बोहरी आळीत गाडी लावायला जागा मिळवणं हीच निम्मी कारागिरी. दुकानदाराने विचारलं, "एक इंची? पाण्याचा की वायरिंगचा?"

"कपड्यांचा."

त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तसा म्हणाला, "साहेब, वायरिंगचा पाइप पातळ असतो. चार शर्टांत मान टाकेल. पाण्याचाच न्या." पाइप दहा फुटी. स्कूटरवर आडवा पाइप धरून निघालेले शूरवीर या शहरात पुष्कळ आहेत. मी दुकानातच तुकडे करून घेतले.

मापं मात्र मी घरूनच काढून नेली होती. हँगर सतराएक इंची, म्हणजे रॅक वीस इंच तरी खोल हवा, नाहीतर शर्टाच्या बाह्या भिंतीचा रंग पुसत बसतात. शिवाय एल्बोच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या जोडाच्या पोटात दोन्ही टोकांना पाइप इंचभर शिरतो, तेवढा धरायचा. इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध होतं.

मग मी पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडला. वास खालच्या मजल्यावर गेला आणि खालच्या मजल्यावरचे काका वर आले. काकांनी उभी हयात पूल बांधण्यात घालवली. निवृत्तीनंतर गावात पूल होतात, पण त्यांना कोणी विचारत नाही.

"थांब! ते काही सेकंदांत धरतं. आधी कोरडं जोडून बघ."

कोरडं जोडलं. रॅक ताठ उभा राहिला. काकांनी फक्त तर्जनी टेकवली आणि चारही पाय एकदिलाने डावीकडे कलले.

"चौकोन कलतो रे. त्रिकोण कलत नाही. मागून कैची मार." म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या पट्ट्या, एकमेकींना छेदणाऱ्या. रॅक बनवणारा प्रत्येक जण वजनाची काळजी करत बसतो, घात मात्र बाजूचा धक्का करतो. (हे वाक्य काकांचं, पण आता मी ते माझं म्हणून सांगतो.) लोखंडी पट्ट्या आणल्या, स्क्रूने आवळल्या. रॅक हलेना.

कपडे टांगले. आता दांडा मधोमध वाकला.

"मधे पाय दे," काका म्हणाले. "लांबी निम्मी केलीस की तेवढ्याच वजनाला वाक आठपट कमी."

"मधे पाय दिला तर माझ्या साड्या कुठे सरकवायच्या?" बायको म्हणाली. तिसऱ्या प्रकारात साड्या केव्हा शिरल्या, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

वाद पेटला. तेवढ्यात आई जळमटं काढायचा झाडू घेऊन आली. "आमच्याकडे सोवळ्याची दांडी आढ्याला टांगलेली असायची. बांबूची. वर्षानुवर्षं वाकली नाही." तिने झाडूचा कुंचा उपटला आणि काठी पाइपात सारली. काठी अशी बसली, की जणू तिच्याच मापाने पाइप बनला असावा. काका गप्प झाले. पूल बांधणारा माणूस झाडूपुढे गप्प होतो, ते बघण्यासारखं असतं.

मग सोल्युशन लावलं. संध्याकाळपर्यंत रॅक भरला. त्यात माझा वाटा डाव्या टोकाची वीतभर जागा. जळमटं आता कशाने काढायची, यावर घरात अजून एकमत नाही.

काल काका पुन्हा आले. हातात टेप, कानावर पेन्सिल. रॅकला तर्जनी लावून पाहिली, मान डोलावली.

"काकूंना एक हवाय. आराखडा मी काढलाय, सामान आणून ठेवलंय. तुझा हात बसलेला आहे, तर उद्या सकाळी ये." जिन्यापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "आणि येताना आईंना विचार, दुसरा झाडू आहे का."