वायर मुद्दाम कमी दिलेली नाही: दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर. आमच्याकडून नेलेल्या शॉर्टवेव्ह (लांबची, परदेशी स्टेशनं लागतात ते बँड) रेडिओच्या अँटेना किटबद्दल, म्हणजे गच्चीवर बांधायची वायर आणि तिचं सामान, तुमचा अभिप्राय वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला आणि फोन करूनही कोणी उचलला नाही, याबद्दल दिलगीर आहे. संध्याकाळी काउंटरवर मी आणि एक मुलगा, दोघंच असतो. गर्दीत फोन राहून जातो. त्याचं काहीतरी करतोच.

पण "३० मीटर मागितली तर १५ मीटरची गळ्यात मारली, वायर मुद्दाम कमी दिली, म्हणूनच सगळी खरखर" असं तुम्ही लिहिलंत, ते फार लागलं. वडिलांनी बुधवार पेठेत ट्रान्झिस्टर दुरुस्तीपासून हे दुकान उभं केलं. वायरीच्या मापात मारायची वेळ आमच्यावर कधी आली नाही. उलट ३० मीटरची दिली असती तर चार पैसे मलाच जास्त सुटले असते.

तुम्ही आलात तेव्हा मी आधी विचारलं, रेडिओ कोणता? तुमचा बॅटरीवरचा पोर्टेबल. हे रेडिओ त्यांच्या स्वतःच्या दांडीच्या, म्हणजे ओढून लांब करायच्या अँटेनाच्या, हिशेबाने बनवलेले असतात. त्यांना लांबलचक वायर जोडली की पुण्यात आधी घुसते ती आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ. मीडियमवेव्हचं एवढं जवळचं, दणदणीत स्टेशन आत आलं की रेडिओला ते झेपत नाही, आणि शॉर्टवेव्हवर जिथे काहीच नसतं तिथे भलतीच स्टेशनं एकात एक मिसळून ऐकू येतात. लांब वायर झेपणारा, टेबलावरचा मोठा कम्युनिकेशन रिसीव्हर असता तर ३० मीटर मीच सुचवली असती. आणि १५ मीटर हा आकडा काही हवेतून काढलेला नाही. ३१ मीटर बँडसाठी (हे मीटर तरंगलांबीचे, वायरीचे नाहीत) अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली अँटेना, करायचा म्हटलं तर नेहमीच्या सूत्राने १४३ ला त्या बँडच्या ९.६ मेगाहर्ट्झने भागतात, उत्तर १५ च्या आसपासच येतं. तुमची डायपोल नाही, एका टोकाला जोडायची वायर आहे, पण ४९ पासून १९ मीटर बँडपर्यंत ऐकायला पोर्टेबलला एवढी लांबी भरपूर होते.

आता खरखर. वायर वाढवली की स्टेशनाबरोबर खरखरही वाढते. फरक पडतो तो वायर कुठून नेली याने. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. एक टोक पाण्याच्या टाकीच्या पाइपला, दुसरं थेट सोलर पॅनलच्या स्टँडला, आणि मधली वायर पॅनलच्या केबलींच्या वर जेमतेम वीतभर. इन्व्हर्टर चालू असताना जो गोंगाट करतो तो या केबलींमधून बाहेर पसरतो, आणि शेजारून गेलेली वायर तो आयता उचलते. तुम्हीच लिहिलंय, "दिवसभर खरखर, रात्री बरं." ऊन गेलं की सोलरचा इन्व्हर्टर थांबतो. वायर आखूड म्हणून खरखर असती, तर ती रात्रीही तेवढीच राहिली असती ना? सोलरपासून लांब बांधा, हे मी बिल करतानाच सांगितलं होतं. किटमधल्या डबीच्या दुसऱ्या स्क्रूला लावून गच्चीवर पसरायची, अर्थचं काम करणारी काळी वायर तर फोटोत अजून गुंडाळलेलीच दिसते.

सकाळी अकराला ४९ मीटरवर काही लागत नाही, हे बरोबर आहे. दिवसा खालचे, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीचे, बँड वरच्या वातावरणात शोषले जातात. त्या वेळी १९ किंवा १६ मीटर बघायचा. आणि बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह सेवा जानेवारी २०२० मध्येच बंद झाली. ती कितीही लांब वायरीवर लागणार नाही.

साधी वायर दोनशे रुपयांत मिळते, मान्य. आमच्या १,६५० मध्ये फेराइटच्या कड्यावर मी स्वतः गुंडाळलेला, वायर आणि केबलचा मेळ घालणारा नऊ-एकचा ट्रान्सफॉर्मर, पाणी जाणार नाही अशी डबी, १० मीटर कोअ‍ॅक्स (आत जाळीचं आवरण असलेली) केबल आणि दोन इन्सुलेटर आहेत. कोअ‍ॅक्स अशासाठी की घरातल्या एलईडी दिव्यांचा आणि चार्जरचा आवाज उतरत्या केबलने उचलू नये.

तेव्हा एवढं करा. वायर गच्चीच्या दुसऱ्या कडेला न्या, सोलरच्या केबलींना समांतर ठेवू नका, काळी वायर पसरा, आणि रेडिओ चार्जर काढून बॅटरीवर लावा. विजा चमकत असतील तेव्हा रेडिओतून अँटेनाचा जॅक काढून ठेवा, हेही परत सांगतो. तरीही खरखर राहिली तर सगळं किट घेऊन या, पूर्ण पैसे परत देतो, बिल नसलं तरी चालेल. किटबरोबर मराठीत माहितीचा कागद द्यायचाही विचार आहे, बघू लवकरच.

तारे तुम्हाला वाटतील तेवढे द्या, सर. पण वायर मुद्दाम कमी दिली, हे एक वाक्य तेवढं काढून टाका. दुकानात पाय ठेवण्याआधी लोक आता हेच वाचतात, आणि आमचं घर याच काउंटरवर चालतं. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कुठल्याही दिवशी दुपारी चारच्या आत या, म्हणजे मला निवांत बोलता येईल.