लंडन–पॅरिस ‘विमानाने एक तास’: या मेसेजचा हिशेब

युरोप सहलीचे बेत ठरू लागले की हा मेसेज हमखास येतो: ‘लंडन–पॅरिस ३४४ किलोमीटर. विमानाने एक तास, ट्रेनने जाताना साडेतीन तास, गाडीने चार तास. व्हिसा एकच पुरतो.’

३४४ हा आकडा बरोबर आहे, पण ते हवाई अंतर. रुळांवरून ते ४९० किलोमीटरच्या आसपास भरतं.

‘विमानाने एक तास.’ वेळापत्रकातच सव्वा तास असतो, आणि तोही विमानतळ ते विमानतळ. मध्य लंडनहून मेट्रोने हीथ्रोला पाऊण ते एक तास. सुटण्याआधी दोन तास हजर राहायचं. उतरल्यावर पासपोर्टची रांग, मग बॅगेची वाट. शार्ल द गोल विमानतळ शहराबाहेर २५ किलोमीटरवर. तिथून आरईआर बी लोकलने आणखी अर्धा तास. झाले पाच तास. ट्रेन लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनहून सुटते आणि थेट पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनला, म्हणजे शहरातच सोडते. गाडी सुटण्याच्या ३० मिनिटं आधी गेट बंद होतं, म्हणून सव्वा-दीड तास आधी पोचावं. एकूण चार-साडेचार तास. मुक्काम हीथ्रोजवळ असेल किंवा पॅरिसहून लगेच पुढचं विमान असेल, तर मात्र विमानच घ्या. ट्रेनचं तिकीट ऐन वेळी फार महागतं, हेही खरं.

‘जाताना साडेतीन तास.’ हा घड्याळाचा घोळ. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे. १०:३० ला निघून २ तास २० मिनिटांनी उतरलात की तिथे १:५० वाजलेले असतात. परत येताना मात्र १०:०० ची गाडी ११:२० ला पोचते! तिकिटावरच्या वेळा त्या-त्या शहराच्या असतात. दोन्हीकडची घड्याळं मार्च-ऑक्टोबरमध्ये एकाच रात्री बदलतात, त्यामुळे हा फरक वर्षभर कायम.

‘गाडीने चार तास.’ ब्रिटन आणि फ्रान्समधल्या इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यात मोटार चालवता येत नाही. फोकस्टनला ती रेल्वेवर चढवतात, ३५ मिनिटांनी कॅलेला उतरवतात. रांगा धरून साडेपाच-सहा तास धरा. पलीकडे गाडी उजवीकडून हाकायची, हे वेगळंच.

‘व्हिसा एकच पुरतो.’ सर्वांत महागात पडणारी थाप हीच. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट; फ्रान्स त्यात आहे, ब्रिटन नाही. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्या पर्यटकाला ब्रिटनचा वेगळा आणि शेंगेनचा वेगळा व्हिसा लागतो. त्यातही पॅरिस–लंडन–रोम असा क्रम ठेवलात तर शेंगेनमध्ये दोनदा शिरणं होतं. सिंगल एंट्री व्हिसा पहिल्याच प्रवेशात संपतो. ट्रेनने निघालात तर फ्रेंच पोलीस पासपोर्ट लंडनच्या स्टेशनवरच तपासतात, तेव्हा अडवणूकही तिथेच होते. अर्ज भरताना मल्टिपल एंट्री मागा, आणि व्हिसा हातात आल्यावर त्यावर काय छापलंय ते तिकिटं काढण्याआधी वाचा.