प्रतिक्रियेला उत्तर: विचारलं खरं, पण काय विचारलं?

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २०१८पासून लोकांची मतं मागवली, मूलनिवासींशी बोलले, खाणवाल्यांशी बोलले, तरी मूलनिवासींच्या वारसास्थळांचं रक्षण करणारा नवा कायदा १ जुलै २०२३ला लागू होऊन ८ ऑगस्टला मागे घ्यायचं ठरलं. शेतकऱ्यांना भडकवलं म्हणून हे झालं, मत मागवण्याच्या पद्धतीला दोष कशाला?

दोष तिथेच आहे. १९७२च्या जुन्या वारसा कायद्यातलं कलम १८ हे मूळ दुखणं: मंत्र्याची संमती घेऊन वारसास्थळाला धक्का लावता येई. त्याखाली २०१३मध्ये रिओ टिंटो या खाण कंपनीला जुकान घळीतल्या प्राचीन गुहा उडवायला मंत्र्याची संमती मिळाली. पुढच्याच वर्षीच्या उत्खननात ४६,००० वर्षांपूर्वीपासूनच्या वावराचे पुरावे निघाले, शिवाय सुमारे ४,००० वर्षं जुना, माणसाच्या केसांचा गुंफलेला पट्टा. त्याचा डीएनए त्या भूमीच्या आजच्या पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा या मूलनिवासींशी जुळला. पण नवी माहिती आली म्हणून संमती फिरवायची सोय कायद्यात नव्हती आणि दाद मागता येई ती फक्त अर्जदाराला. २४ मे २०२०ला सुरुंग उडाले, गुहा नष्ट झाल्या.

तेव्हा विचारायचा प्रश्न एकच होता: 'नाही' म्हणायचा हक्क कुणाला? २०२०च्या मसुद्यावर मूलनिवासी संघटनांनी नेमकं हेच लिहून दिलं. नोव्हेंबर २०२१मध्ये विधेयक आलं, डिसेंबरात मंजूरही झालं, आणि दोन्ही बाजूंचं जमलं नाही तर शेवटचा शब्द मंत्र्याचाच राहिला. 'एकत्र बसून ठरवू' म्हणत घेतलेल्या बैठका त्यानंतरच्या. त्यांत विषय नियमावलीचा. मुख्य कलमाला हात लावायची मुभा नव्हती.

आता शेतकरी. आपल्याच जमिनीत खणायला नव्या कायद्याची परवानगी लागेल, ही त्यांची धास्ती. १,१०० चौरस मीटरपर्यंतच्या घरगुती भूखंडाला सूट होती. जुन्या कुंपणाचे खांब त्याच जागी बदलायलाही परवानगी लागत नव्हती. पण तपशीलवार सूचना कायदा लागू होण्याच्या जेमतेम काही महिने आधी हाती पडल्या, आणि ज्यांच्याशी बोलून परवानगीचं काम पुढे न्यायचं, त्या स्थानिक वारसा सेवा बहुतेक भागांत नेमलेल्याच नव्हत्या. विचारायचं कुणाला? फी किती? उत्तर मिळेना, म्हणून अफवांचं फावलं. याला नुसतं 'भडकवणं' म्हणणं मला पटत नाही.

सगळं पाण्यात गेलं, हेही खरं नाही. नोव्हेंबर २०२३पासून जुनाच कायदा दुरुस्त्यांसह चालू आहे: कलम १८च्या निर्णयाविरुद्ध पारंपरिक हक्कदारही न्यायाधिकरणात जाऊ शकतात, आणि नवी माहिती कळली तर ती मंत्र्याला कळवणं बंधनकारक आहे. मंत्री मग संमती बदलू शकतो, रद्द करू शकतो किंवा तशीच ठेवू शकतो. सही मात्र त्याचीच.