पॅच लावला म्हणून रन खोटा होत नाही

जुन्या गेम्सवर जीव असलेल्या मंडळींमध्ये एक मजकूर अधूनमधून उगवतो आणि हातोहात पुढे जातो. थोडक्यात तो असा: ‘सायलेंट हिल २ च्या एन्हान्स्ड एडिशनवर केलेले स्पीडरन खोटे आहेत. चाहत्यांनी फेरफार करून गेम सोपा केलाय. नव्या कॉम्प्युटरवर तो पळतोही जास्त. हिंमत असेल तर मूळ गेम मूळ कन्सोलवर खेळून दाखवा. आणि तसंही, भीतीचा गेम धावत संपवणं हा त्याचा अपमान आहे.’

पाच वाक्यं, पाचही ठणकावून. त्यातलं एक अर्धं खरं आहे. पण मजकूर पुढे ढकलणारे नेमकं तेच सगळ्यात कमी समजून घेतात.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सायलेंट हिल २ हा कोनामी कंपनीचा भीतीचा गेम: धुक्यात बुडालेल्या गावात जेम्स आपली मेलेली बायको मेरी शोधत फिरतो. स्पीडरन म्हणजे गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कमीत कमी वेळात संपवणं. घड्याळ लावून, अख्खा व्हिडिओ रेकॉर्ड करून, आणि कुठली आवृत्ती वापरली, किती अवघड पातळी निवडली हे आधी सांगून. एन्हान्स्ड एडिशन हा वेगळा गेम नाही. २००२ साली आलेल्या पीसी आवृत्तीवर चाहत्यांनी वर्षानुवर्षं, फुकट, रचत नेलेला तो दुरुस्त्यांचा संच आहे.

सुरुवात शेवटून दुसऱ्या वाक्यापासून करतो, कारण बाकीचा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. ‘मूळ गेम’ म्हणजे नेमका कुठला?

सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन २ वर जी डिस्क आली, ती म्हणाल तर तिच्यात मेरीसारख्याच दिसणाऱ्या मारियाचं ‘बॉर्न फ्रॉम अ विश’ हे छोटं उपकथानक नव्हतं. यूएफओवाला विनोदी शेवटही नव्हता. ते दोन्ही आलं वर्ष संपता संपता एक्सबॉक्सवर, आणि मग प्लेस्टेशनच्या पुढच्या आवृत्तीत. त्यानंतर पीसी. त्यात पुन्हा त्या काळी युरोपात, आणि आपल्याकडेही, टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारे. अमेरिका आणि जपानात तोच आकडा ६०. त्यामुळे त्या पिढीतले कितीतरी गेम पाल आवृत्तीत चक्क हळू चालायचे. तिथेही डिस्क अस्सल होती, कन्सोल अस्सल होता, आणि तरी दोन देशांतल्या दोन खेळाडूंच्या वेळा एकमेकींशेजारी ठेवता येत नव्हत्या. स्पीडरन करणाऱ्यांनी हा गुंता आवृत्त्या वेगळ्या मोजून कधीच सोडवला. ‘मूळ’ या शब्दाचा जप करून तो सुटला नसता.

आणि मग आलं २०१२ चं एचडी कलेक्शन, म्हणजे पुढच्या पिढीच्या कन्सोलसाठी काढलेली नवी आवृत्ती. हे कंपनीचं अधिकृत अपत्य. खोक्यावर कोनामीचं नाव, दुकानात विक्रीला. पण कोनामीकडे अंतिम गेमचा सोर्स कोड, म्हणजे ज्यातून गेम तयार होतो तो मूळ प्रोग्रॅम, जपून ठेवलेलाच नव्हता. हिजिंक्स स्टुडिओच्या हाती अर्धवट कोड पडला आणि त्यांनी त्यातून गेम पुन्हा उभा केला. परिणाम जगजाहीर आहे. धुकं विरळ झालं, काही ठिकाणी नाहीसंच झालं. ‘सायलेंट हिल रँच’ची जुनाट पाटी कॉमिक सॅन्ससारख्या अक्षरांत रंगवलेली निघाली, म्हणजे बालवाडीच्या स्नेहसंमेलनाच्या फलकावर शोभावी तशी. पुढे प्लेस्टेशन ३ साठी दुरुस्तीचा पॅच आला, एक्सबॉक्स ३६० वाल्यांचा मात्र रद्द झाला.

आता त्या मजकुराचा न्याय लावा. अधिकृत म्हणून एचडी कलेक्शनवरचा रन खरा, आणि २००१ चं धुकं परत जागेवर आणणाऱ्या एन्हान्स्ड एडिशनवरचा रन खोटा. हे कुणी मोठ्याने वाचून दाखवलं तर लिहिणारालाच हसू येईल.

‘सोपा केलाय’ या आरोपाकडे येऊ. एन्हान्स्ड एडिशन काय करते त्याची यादी उघड आहे. आजच्या ग्राफिक्स कार्डावर बिघडलेलं धुकं दुरुस्त करणं. पीसी आवृत्तीत हरवलेल्या सावल्या आणि पडद्यावरचा तो दाणेदार खरखरीतपणा परत आणणं. आवाज सुधारणं. एकाहून जास्त कोअर असलेल्या प्रोसेसरवर एकाच तुकड्यावर अडकून वाजत राहणारा आवाज आणि मध्येच गोठणारा गेम, या दोन्हींवर उपाय. रुंद पडद्याची सोय, आजचे कंट्रोलर चालावेत याची सोय, कट-सीन्सचे, म्हणजे मधल्या नुसत्या बघायच्या प्रसंगांचे, स्वच्छ व्हिडिओ. राक्षसांचं आयुष्य घटवलेलं नाही. जेम्सच्या हातातली खिळेवाली फळी जास्त जोरात लागत नाही. कोडी तीच आणि त्यांची उत्तरंही तीच. बहुतेक गोष्टी एका साध्या सेटिंग्जच्या फाइलमधून चालू-बंद करता येतात, त्यामुळे कुणी काय लावलंय हे विचारायलाही जागा आहे आणि दाखवायलाही.

यात एकच मुद्दा मला जरा थांबून बघण्यासारखा वाटतो, तो रुंद पडद्याचा. बाजूचं जास्त दिसतं, म्हणजे फायदा नाही का? तत्त्वतः हो. पण गेम कुठला आहे ते विसरू नका. रस्त्यावर चार पावलांपलीकडे धुकं, आणि खोल्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी कॅमेरा बनवणाऱ्यांनीच एका कोपऱ्यात टांगून ठेवलेला. राक्षस जवळ आल्याचं सांगतो तो जेम्सच्या खिशातला रेडिओ, त्याच्या खरखरीवरून. आणि ज्याने हा गेम कैक वेळा संपवलाय त्याला कुठल्या वळणावर कोण उभं आहे हे डोळे मिटूनही माहीत असतं. त्याला डावीउजवीकडे दोन बोटं धुकं जास्त दिसलं, तर त्याचं काय करायचं?

‘नव्या कॉम्प्युटरवर जास्त पळतो.’ हेच ते अर्धं खरं वाक्य. एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, असलेल्या कॉम्प्युटरवर दार उघडून पलीकडच्या खोलीत जायला क्षण पुरतो, कन्सोलला डिस्क वाचायला वेळ लागतो. सायलेंट हिल २ मध्ये दारं किती आहेत हे त्यातल्या वुडसाइड अपार्टमेंट्स या इमारतीत चुकलेल्या कुणालाही विचारा. प्रत्येक दाराला थोडा थोडा वेळ वाचला तरी शेवटी आकडा दिसण्याइतका फरक पडतो. पण हा फरक एन्हान्स्ड एडिशनने आणलेला नाही, हार्डवेअरने आणलाय, आणि तो शोध लावणारे आपण पहिले नाही. स्पीडरनच्या जगात त्यावर दोन रुळलेले उपाय आहेत. एक तर प्लॅटफॉर्मनुसार यादी वेगळी ठेवायची, नाहीतर लोडिंगचा वेळ एकूण वेळेतून वजा करायचा.

खरा गुंता आहे फ्रेमरेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दिसतात त्याचा, आणि गंमत बघा, त्या मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. हा गेम बनला सेकंदाला ३० फ्रेमसाठी. एन्हान्स्ड एडिशनमध्ये ६० चा पर्याय आहे. जुन्या गेम्समध्ये बऱ्याच गोष्टी सेकंदांवर नव्हे, फ्रेमवर मोजलेल्या असतात. अमुक फ्रेमनंतर हल्ला, तमुक फ्रेमला अ‍ॅनिमेशन संपणार, वगैरे. फ्रेम दुप्पट केल्या की या मोजणीला कुठेतरी धक्का लागू शकतो, आणि दुरुस्ती कितीही काळजीपूर्वक केली तरी ३० वरचा रन आणि ६० वरचा रन एकाच तराजूत घालण्याआधी विचार करावाच लागतो. इथे आक्षेप घेणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. फक्त एवढंच म्हणेन, की यातून निष्कर्ष निघतो तो ‘कोणत्या सेटिंगवर खेळलात ते सांगा’ एवढाच. त्यावरून कुणी ‘खोटारडे’ ठरत नाही.

कारण खोटेपणा कसा दिसतो हे आपण बघितलंय. माइनक्राफ्ट हा गेम खेळणारा, ड्रीम नावाचा प्रसिद्ध खेळाडू. २०२० मध्ये त्याच्या रनमध्ये हव्या त्या वस्तू मिळण्याचं नशीब इतकं अफाट निघालं, की तपासणाऱ्यांनी संभाव्यतेचं गणित मांडून रन बाद केले. तो बराच काळ नाकारत राहिला आणि मे २०२१ मध्ये त्याने कबूल केलं, की खेळताना एक मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून केलेला बदल, चालू होता, आपल्या नकळत. मॉड तिथेही होता. पण तो वस्तू मिळण्याचं प्रमाण बदलणारा होता आणि कुणाला सांगितलेला नव्हता. एन्हान्स्ड एडिशनवर धावणारा माणूस पहिल्याच ओळीत लिहितो, मी एन्हान्स्ड एडिशनवर खेळतोय. या दोघांना एकाच पंगतीला बसवायचं असेल तर ‘मॉड’ या शब्दापलीकडे काहीही न वाचण्याची तयारी हवी.

आणि मूळ कन्सोलच्या पावित्र्याबद्दल बोलायचं, तर टॉड रॉजर्स आठवावा. जुन्या अटारी कन्सोलवरच्या ‘ड्रॅगस्टर’ या शर्यतीच्या गेममध्ये ५.५१ सेकंदांचा त्याचा विक्रम १९८२ पासून मिरवला गेला. पॅच नाही, मॉड नाही, सगळं कसं सोवळ्यातलं. मग कुणीतरी गेमचा कोडच उलगडून बघितला आणि ५.५७ च्या खाली जाणं शक्यच नाही असं निघालं. जानेवारी २०१८ मध्ये विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या ट्विन गॅलेक्सीजने त्याचे विक्रम काढून टाकले. अस्सल हार्डवेअरने छत्तीस वर्षं कुणाचं काय राखलं?

एक गोष्ट मात्र आक्षेप घेणाऱ्यांच्या पदरात टाकतो, मागितली नसली तरी. एन्हान्स्ड एडिशनला जुन्या पीसी गेमच्या फाइल्स लागतात, आणि तो गेम आज कुठल्याही डिजिटल दुकानात विकत मिळत नाही. २०२४ मध्ये ब्लूबर टीमने केलेला रीमेक मिळतो, पण तो वेगळा गेम आहे. म्हणजे जुनी सीडी ज्याच्याकडे आहे तो सोडला, तर बाकीच्यांचा मार्ग कायद्याच्या दृष्टीने धूसरच. ही खरी अडचण आहे. फक्त ती रनच्या खरेपणाची नाही.

राहता राहिला अपमान.

हे वाक्य वाचून मला खात्री पटते, की लिहिणाऱ्याने गेम संपवून शेवटचा निकाल कधी नीट बघितलेला नाही. सायलेंट हिल २ संपला की पडद्यावर प्रगतिपुस्तक येतं. किती वेळ लागला, किती वेळा सेव्ह केलं, किती वस्तू गोळा केल्या, किती मार खाल्ला, सगळं मांडलेलं. पूर्ण दहा तारे हवे असतील तर तीन तासांच्या आत संपवावा लागतो आणि दोनापेक्षा जास्त वेळा सेव्ह करून चालत नाही. हे गेम बनवणाऱ्या टीम सायलेंटने स्वतः ठेवलंय, कुण्या उपद्व्यापी चाहत्याने नाही. १९९६ च्या पहिल्या रेसिडेंट ईव्हिलमध्येही तीन तासांच्या आत बाहेर पडणाऱ्याला रॉकेट लाँचर बक्षीस होता. भीतीच्या गेमने घड्याळ लावणं ही या प्रकारातली जुनीच रीत आहे. (माझे तारे किती, ते विचारू नका. पिरॅमिड हेड या राक्षसापासून पळताना मी दारावर दार लावत पुन्हा त्याच्याच खोलीत आलेला माणूस आहे.)

बरं, धावणाऱ्याला गेम कळतच नाही, हेही खरं नाही. झुरळांच्या खोलीचं उदाहरण घ्या. दार कुलूपबंद, पायाशी झुरळं, भिंतीवरच्या कीपॅडवर तीन आकडे उजळलेले. कुठले आकडे, हे दर वेळी बदलतं. क्रम कळत नाही. तीन आकड्यांचे सहा क्रम होतात, तेव्हा नशीब चांगलं असेल तर पहिल्याच फटक्यात सुटका, नाहीतर सहाव्या. पहिल्यांदा खेळणारा तिथे किळसेने शहारतो. शेकडाव्यांदा खेळणारा तिथे आपला चांगला चाललेला अख्खा रन पणाला लावून बोटं चालवतो. ती भीती नाही, असं ज्याला म्हणायचंय त्याने एकदा तसं बसून बघावं.

आणि शेवटांचं काय? हा गेम तुम्ही कसे खेळता ते गुपचूप टिपत असतो. जेम्स जखमी असताना त्याच्याकडे लक्ष देता की नाही. वाटेत भेटणाऱ्या अँजेलाचा सुरा पुन्हा पुन्हा काढून बघता का. शेवटाकडच्या लांब बोळात जेम्स आणि मेरीचं जुनं संभाषण ऐकू येतं, ते पूर्ण ऐकता का अर्ध्यातच पुढे निघून जाता. या सगळ्याची बेरीज होऊन शेवट ठरतो. स्वतःच्या जखमांकडे दुर्लक्ष करणाऱ्या जेम्सला गेम ‘इन वॉटर’कडे, म्हणजे तो जीव देतो त्या शेवटाकडे, ढकलतो. बोळात थांबून बोलणं पूर्ण ऐकणाऱ्याचं पारडं ‘लीव्ह’च्या, म्हणजे जेम्स गाव सोडून निघतो त्या शेवटाच्या, बाजूला झुकतं. म्हणजे घाईघाईने धावणारा, औषध न घेणारा, बायकोचा आवाज पुरता न ऐकता पुढे गेलेला जेम्स कसा असेल, याचा विचार बनवणाऱ्यांनी २००१ मध्येच करून ठेवलाय. धावणाऱ्याला ‘लीव्ह’ हवा असेल, तर त्याला त्या बोळात घड्याळ चालू ठेवून उभं राहावं लागतं आणि सगळं ऐकावं लागतं.